इंग्रजी बोलताना सूर कुठे चढवावा, कुठे उतरवावा?

मराठीतला साधा 'हो' घ्या. आईने विचारले, "जेवलास का?" तुम्ही म्हणता, "हो." विषय संपला. मित्राने सांगितले, "मला नोकरी लागली." तुम्ही म्हणता, "हो?" म्हणजे 'खरंच? सांग ना पुढे.' कोणी तीच गोष्ट चौथ्यांदा समजावत असेल, तर तुम्ही "होऽऽ" असे लांबवता आणि समोरच्याला कळते की आता पुरे. शब्द तोच. बदलला तो फक्त सूर. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. घरात, गल्लीत, अंगणात ऐकून ऐकून ते अंगात मुरले.

इंग्रजीचे तसे झाले नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी कानाने नव्हे, डोळ्यांनी शिकली. फळ्यावरचे शब्द, स्पेलिंगची घोकंपट्टी, काळाचे तक्ते, गाईडमधली उत्तरे. सूर कागदावर छापला जात नाही. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह एवढ्याच काय त्या त्याच्या खुणा, आणि त्याही अनेकदा फसव्या. म्हणून होते असे की मुलाखतीत व्याकरण बरोबर असते, माहिती बरोबर असते, तरी समोरच्याला वाटते की हा मुलगा अडखळतो आहे, ही मुलगी साशंक आहे किंवा बोलणे जरा उद्धट आहे. बोलणाऱ्याच्या मनात यातले काहीच नसते.

हा लेख त्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इथे आम्ही साहेबी उच्चार शिकवणार नाही. तुमची इंग्रजी परभणीची वाटो, चंद्रपूरची वाटो किंवा वरळीची, त्यात कमीपणा काही नाही. सुराचे काम वेगळे आहे. आपले बोलणे संपले की बाकी आहे, आपण विचारतो आहोत की सांगतो आहोत, आपला होकार पूर्ण आहे की अर्धा, हे सूर सांगतो. म्हणजे सूर हा अर्थाचाच भाग आहे, आणि अर्थ पोचवायला शिकणे म्हणजे कोणाची नक्कल करणे नव्हे.

सूर म्हणजे नेमके काय?

बोलताना आपल्या गळ्यातले स्वरतंतू थरथरतात. ही थरथर जितकी जलद, तितका सूर उंच. प्रौढ पुरुषाच्या साध्या बोलण्यात ती सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा होते, स्त्रीच्या बोलण्यात २०० च्या आसपास. पण कोणीही एकाच पट्टीवर बोलत नाही. वाक्यागणिक सूर वर-खाली होत राहतो. यालाच आपण चढता सूर आणि उतरता सूर म्हणू.

इथे मराठीतला एक वाक्प्रचार गोंधळ करू शकतो. आपण 'आवाज चढवला' म्हणतो तेव्हा माणूस रागावून मोठ्याने बोलला असे सांगायचे असते. सूर चढणे म्हणजे ते नाही. पेटीवर डावीकडून उजवीकडे बोट सरकवले की स्वर वर जातो, पण भाता तेवढाच हलत असेल तर आवाज मोठा होत नाही. अगदी हळू, कुजबुजण्याच्या जवळ बोलतानाही सूर चढवता येतो.

लेखात पुढे खुणा वापरल्या आहेत. ↘ म्हणजे इथून सूर खाली. ↗ म्हणजे इथून सूर वर. ↘↗ म्हणजे आधी खाली, मग थोडा वर. | म्हणजे इथे वाक्य क्षणभर तुटते. खूण ज्या शब्दाच्या आधी आहे, त्या शब्दापासून सूर हलतो.

बोलणारा घेतो ते तीन निर्णय

इंग्रजीच्या सुरावर शंभर वर्षांहून अधिक काळ पद्धतशीर अभ्यास झाला आहे. हॅरॉल्ड पामर यांचे या विषयावरचे पुस्तक १९२२ साली आले. ओकॉनर आणि अर्नोल्ड यांचे, इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये गाजलेले पुस्तक १९६१ चे. १९६७ साली मायकेल हॅलिडे यांनी सुराची व्याकरणाशी सांगड घातली. जे. सी. वेल्स यांचे २००६ मधले पुस्तकही याच वाटेने जाते. हॅलिडे यांच्या मांडणीनुसार बोलणारा प्रत्येक वेळी, नकळत, तीन निर्णय घेतो. वाक्य कुठे तोडायचे? त्या तुकड्यात मुख्य शब्द कोणता? आणि त्या शब्दावर सूर कोणत्या दिशेने न्यायचा? आपणही याच क्रमाने जाऊ.

पहिला निर्णय : वाक्य कुठे तोडायचे

घाबरलेला माणूस दोन चुका करतो. एक तर सगळे वाक्य एका दमात आगगाडीसारखे सोडतो, नाहीतर प्रत्येक शब्दानंतर थांबतो. दोन्हींत ऐकणाऱ्याला अर्थाचे गठ्ठे मिळत नाहीत.

तोडण्याने अर्थ कसा बदलतो ते पाहा. "द टीचर सेड | द स्टुडंट वॉज लेट." इथे उशीर विद्यार्थ्याला झाला, असे शिक्षक सांगतात. आता "द टीचर | सेड द स्टुडंट | वॉज लेट." इथे उशीर शिक्षकांना झाला आणि हे सांगतो आहे विद्यार्थी. शब्द आणि त्यांचा क्रम, दोन्ही तेच आहेत.

सरावाला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे स्वतःचा मोबाईल नंबर. दहा आकडे सलग सांगू नका. पाच-पाचचे दोन किंवा तीन-तीन-चारचे तीन तुकडे करा. शेवटचा तुकडा सोडून प्रत्येकाच्या अखेरीस सूर किंचित वर, म्हणजे 'अजून आकडे आहेत'. शेवटच्या आकड्यावर सूर खाली, म्हणजे 'संपला नंबर, लिहून घ्या'. मराठीत नंबर सांगताना आपण जवळजवळ हेच करतो. इंग्रजीत आकडे सांगताना मात्र घाईत विसरतो.

दुसरा निर्णय : मुख्य शब्द कोणता

प्रत्येक तुकड्यात एक शब्द असा असतो की सुराची मोठी हालचाल त्याच्यावर होते. सर्वसाधारण नियम असा, की तुकड्यातला शेवटचा अर्थपूर्ण शब्द हा मुख्य. नाम, क्रियापद, विशेषण यांना हा मान मिळतो. 'इन', 'टू', 'द', 'इट', 'हिम' अशा किरकोळ शब्दांना सहसा मिळत नाही.

"आय बॉट द ↘बुक." मी पुस्तक विकत घेतले. साधी बातमी.

"आय ↘बॉट द बुक." मी पुस्तक विकतच घेतले, कोणाकडून मागून आणलेले नाही.

"↘आय बॉट द बुक." पुस्तक मीच विकत घेतले, दुसऱ्या कोणी नाही.

मराठी रूपांतरात 'च' कुठे बसला ते पाहा. मराठीत आपल्याकडे 'च', 'ही', 'तर', 'पण', 'सुद्धा' अशी छोटी अव्यये आहेत. ज्या शब्दावर भर द्यायचा त्याला ती चिकटवली की काम होते. इंग्रजीत ते काम बरेचसे सूर करतो. म्हणून मराठी माणसासाठी एक युक्ती उपयोगी पडते. वाक्य आधी मनात मराठीत आणा आणि 'च' कुठे लागतो ते पाहा. इंग्रजीत त्याच शब्दावर सूर हलवा.

हे न केल्यामुळे आपण अनेकदा इंग्रजी वाक्यात 'ओन्ली' घुसडतो. "आय ऍम टेलिंग ओन्ली." हा 'ओन्ली' म्हणजे आपला 'च' किंवा 'फक्त'च आहे. सुराने ते काम केले की त्याची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट. जे आधीच बोलून झाले आहे त्यावर सूर हलवायचा नाही, नव्या माहितीवर हलवायचा. कोणी विचारले, "डू यू लाइक टी?" तर उत्तर "आय ↘लव्ह टी." इथे 'टी' हा शेवटचा शब्द असला तरी तो जुना झाला. नवीन आहे 'लव्ह'.

तिसरा निर्णय : सूर कोणत्या दिशेने

उतरता सूर म्हणजे 'माझे म्हणणे पूर्ण झाले, मला खात्री आहे'. तो पुढील ठिकाणी येतो.

साध्या विधानात : "आय वर्क इन ↘पुणे."

काय, कुठे, केव्हा, का, कसे असे विचारणाऱ्या प्रश्नात : "व्हेअर डू यू ↘लिव्ह?" "व्हॉट इज द ↘फी?" "व्हेन इज द लास्ट ↘डेट?"

आज्ञेत आणि ठाम सूचनेत : "क्लोज द ↘डोअर."

उद्गारात : "व्हॉट अ ↘सरप्राइज!"

यातला दुसरा मुद्दा अधोरेखित करून ठेवा, कारण तिथेच आपली सर्वाधिक गल्लत होते. 'प्रश्न म्हणजे सूर वर' असे आपण धरून चालतो. पण 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय', 'हाऊ' हे शब्द स्वतःच प्रश्न असल्याचे सांगतात. सुराने ते पुन्हा सांगायची गरज नसते. म्हणून इंग्रजीत असे प्रश्न साधारणपणे उतरतात.

कार्यकर्त्यांसाठी याला विशेष महत्त्व आहे. समजा तुम्ही एखाद्या कार्यालयात अधिकाऱ्याला इंग्रजीत विचारता आहात की शिष्यवृत्तीचे पैसे केव्हा येणार. "व्हेन विल द स्कॉलरशिप बी ↘पेड?" उतरत्या सुरात हा माहिती मागणारा सरळ प्रश्न आहे. "व्हेन विल द स्कॉलरशिप बी ↗पेड?" चढत्या सुरात तोच प्रश्न नरम होतो, आर्जवाकडे झुकतो. लहान मुलाशी, आजारी माणसाशी, घाबरलेल्या पाहुण्याशी बोलताना हा नरमपणा शोभतो. हक्काची माहिती मागताना त्याची गरज नाही. उतरता सूर उद्धट नसतो. तो स्पष्ट असतो. उद्धटपणा येतो तो आवाज मोठा केल्याने आणि शब्द आपटल्याने.

चढता सूर म्हणजे 'अजून पूर्ण झालेले नाही, तुम्ही काहीतरी भर घाला किंवा मला पुढे बोलू द्या'. तो पुढील ठिकाणी येतो.

हो किंवा नाही असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नात : "इज दिस सीट ↗फ्री?" "हॅव यू सबमिटेड द ↗फॉर्म?"

विधानाच्याच रूपात विचारलेल्या प्रश्नात : "यू आर ↗रेडी?" मराठीत 'तू आलास.' आणि 'तू आलास?' यात जो फरक आहे तोच इथे.

नीट ऐकू आले नाही म्हणून पुन्हा विचारताना : "↗सॉरी?" "↗व्हेअर?"

काही देऊ करताना : "↗टी?" "↗वॉटर?"

अपुऱ्या वाक्याच्या मधल्या टप्प्यावर : "आफ्टर माय एग्झॅम ↗फिनिशेस, | आय विल गो ↘होम."

विनंतीत : "कुड यू रिपीट द ↗क्वेश्चन, प्लीज?" इथे 'क्वेश्चन'पासून चढलेला सूर 'प्लीज'पर्यंत वरच जात राहतो. मध्ये खाली आणू नका.

हो-नाहीचे प्रश्न इंग्रजीत नेहमीच चढतात असे नाही. चौकशीच्या थाटात एकामागून एक प्रश्न विचारले जातात तेव्हा ते उतरतातही. पण शिकताना आधी चढता सूर पक्का करावा. तो कुठेही खटकत नाही.

उतरून चढणारा सूर इंग्रजीत फार वापरला जातो आणि आपण तोच सर्वांत कमी वापरतो. त्याचा अर्थ 'हो, पण...' असा असतो. तो 'पण' तोंडाने उच्चारला नाही तरी ऐकू येतो.

"आय अग्री विथ द ↘↗फर्स्ट पॉइंट." पहिला मुद्दा मान्य आहे. म्हणजे दुसऱ्याबद्दल शंका आहे.

"द हॉल इज ↘↗बिग." हॉल मोठा आहे. पण बाकी काहीतरी अडचण दिसते.

बैठकीत कोणी तुमच्याशी या सुरात सहमत झाले तर लगेच आनंदून जाऊ नका. त्याच्या बोलण्यातला उरलेला अर्धा भाग यायचा आहे.

नकारार्थी वाक्यात तर हा सूर अर्थच फिरवतो. "आय डोन्ट लेंड माय बुक्स टू ↘एनीबडी." मी माझी पुस्तके कोणालाच देत नाही. "आय डोन्ट लेंड माय बुक्स टू ↘↗एनीबडी." मी माझी पुस्तके वाटेल त्याला देत नाही, म्हणजे काही जणांना देतो. मराठीला यासाठी 'कोणालाच' आणि 'वाटेल त्याला' असे दोन वेगळे शब्द लागले. इंग्रजीने ते एका सुरावर भागवले.

यादी आणि पर्याय

यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर सूर वर जातो आणि शेवटच्या गोष्टीवर खाली येतो. "आय स्पीक ↗मराठी, | ↗हिंदी | अँड ↘इंग्लिश." शेवटीही सूर वर राहिला तर ऐकणारा वाट पाहतो की अजून एखादी भाषा येणार आहे.

पर्यायांचे तसेच. "वुड यू लाइक ↗टी | ऑर ↘कॉफी?" इथे दोनच गोष्टी आहेत, त्यातली एक निवडायची. "वुड यू लाइक ↗टी | ऑर ↗कॉफी?" इथे 'चहा, कॉफी असे काही घेणार का?' असे विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला 'येस' एवढेच उत्तर देऊन चालत नाही, दुसऱ्याला चालते.

वाक्याच्या शेवटचे शेपूट

"यू आर फ्रॉम नागपूर, आरन्ट यू?" हे 'आरन्ट यू' म्हणजे आपले 'ना'. मराठीत 'तू नागपूरचा ना?' हे दोन प्रकारे म्हणता येते. एकात खरोखर माहीत नसते, दुसऱ्यात माहीत असते आणि फक्त दुजोरा हवा असतो. इंग्रजीतही तसेच आहे. शेपटावर सूर चढला, ↗आरन्ट यू, तर तो खरा प्रश्न आहे. सूर उतरला, ↘आरन्ट यू, तर समोरच्याने नुसते 'येस' म्हणावे एवढीच अपेक्षा असते. मुलाखत घेणारा उतरत्या सुरात असे विचारतो तेव्हा लांबलचक खुलासा देत बसू नये.

छोटे शब्द, मोठा फरक

"↘थँक यू" उतरत्या सुरात मनापासूनचे आभार. "↗थँक यू" चढत्या सुरात सवयीने म्हटलेले, तिकीट घेताना कंडक्टरला म्हणावे तसे.

"↘↗सॉरी" म्हणजे माफ करा. "↗सॉरी" म्हणजे काय म्हणालात? पायावर पाय पडल्यावर दुसऱ्या सुरात 'सॉरी' म्हटले, तर ज्याच्या पायावर तुम्ही उभे आहात तो गोंधळतो.

"↘नो" म्हणजे नाही, विषय बंद. "↘↗नो" म्हणजे तसे नाही म्हणता येईल, पण जरा थांबा.

"सिट ↘डाउन" हा हुकूम होऊ शकतो. "सिट ↗डाउन" म्हणजे बसा ना.

एका शब्दामुळे झालेला गैरसमज

सुराच्या फरकातून माणसांवर कसा शिक्का बसतो, याचे एक उदाहरण भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. जॉन गंपर्झ यांनी ते १९८२ मध्ये आलेल्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' या पुस्तकात नोंदवले. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात काही भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामाला लागल्या होत्या. सामान चढवणारे कामगार तिथे जेवायला येत. या स्त्रिया तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी त्या कामगारांची आणि पर्यवेक्षकाचीही तक्रार होती. स्त्रियांना कळत नव्हते की आपले चुकते कुठे.

निरीक्षण केल्यावर दिसले की त्यांच्यात बोलणे मुळात फार थोडे होत होते. मांस घेणाऱ्याला 'ग्रेव्ही', म्हणजे वरून घालायचा रस्सा, हवा का हे विचारायचे असे. ब्रिटिश वाढपी चढत्या सुरात म्हणे, "↗ग्रेव्ही?" म्हणजे हवी का? या स्त्रिया उतरत्या सुरात म्हणत, "↘ग्रेव्ही." ब्रिटिश कानाला ते 'ही ग्रेव्ही आहे' असे ऐकू येई. समोर दिसणारी वस्तू सांगण्याची गरज काय? म्हणून ते तोडून बोलल्यासारखे, उद्धट वाटे. त्या स्त्रियांच्या सवयीप्रमाणे मात्र अशा प्रसंगी विचारायची हीच साधी रीत होती.

हे संवाद ध्वनिमुद्रित करून दोन्ही बाजूंना ऐकवले गेले. सुरुवातीला त्या स्त्रियांना दोन्हींत फरकच जाणवला नाही. फरक दाखवल्यावर आपल्याला इतके दिवस तशी वागणूक का मिळत होती याचा त्यांना उलगडा झाला. पर्यवेक्षकांनाही कळले की यामागे उद्धटपणा किंवा बेफिकिरी नव्हती.

या घटनेतून दोन धडे निघतात आणि दोन्ही आपण घ्यावेत असे आम्हाला वाटते. पहिला, सुरातली चूक ही चूक म्हणून ओळखली जात नाही. व्याकरण चुकले तर लोक म्हणतात याला भाषा येत नाही. सूर चुकला तर लोक म्हणतात याचा स्वभावच वाईट. म्हणून सूर शिकणे आपल्या फायद्याचे आहे. दुसरा, समजून घेण्याची जबाबदारी फक्त नव्याने आलेल्याची नसते. उद्या तुमच्यापैकी कोणी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसेल, वर्गावर शिकवेल, संघटनेत नव्या मुलांना बोलायला उभे करेल. तेव्हा एखाद्याच्या सुरावरून त्याचा स्वभाव, संस्कार किंवा लायकी ठरवण्याआधी हा 'ग्रेव्ही'चा किस्सा आठवावा.

सगळे इंग्रज एकाच सुरात बोलत नाहीत

वर दिलेले नियम प्रामुख्याने इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या प्रमाण मानल्या गेलेल्या इंग्रजीवर आधारलेले आहेत. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये किंवा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये साध्या विधानाच्या शेवटीही सूर चढतो, आणि तिथे ते अगदी स्वाभाविक आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेतले अनेक तरुणही विधाने चढत्या सुरात संपवतात. त्यावर 'आत्मविश्वास नाही' अशी टीका होते, पण अभ्यासकांना असे दिसले आहे की बोलणारा अनेकदा फक्त 'ऐकताय ना?' असे चाचपत असतो.

म्हणजे 'शुद्ध' सूर असा एकच नाही. तरीही शिकणाऱ्याने सुरुवात वरच्या नियमांपासून करावी, कारण ते सर्वत्र समजतात. विशेषतः मुलाखतीत. "आय कॅन डू दिस ↗वर्क" असे चढत्या सुरात म्हटले तर ते परवानगी मागितल्यासारखे ऐकू जाऊ शकते. "आय कॅन डू दिस ↘वर्क" म्हणजे मला हे काम येते.

स्वतःची ओळख : एक नमुना

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' हे बहुतेक मुलाखतींचे पहिले वाक्य. उत्तर पाठ असते आणि पाठ असल्यामुळेच ते एका सुरात बाहेर पडते. सामुदायिक वंदनेत सगळ्यांनी एका सुरात म्हणणे योग्यच, कारण तिथे अनेक आवाजांचा एक आवाज करायचा असतो. मुलाखतीत तुमचा एकट्याचा आवाज ऐकायला समोरची माणसे बसलेली असतात. हा नमुना खुणांसह म्हणून पाहा आणि आपली माहिती त्यात भरा.

"आय ऍम फ्रॉम ↘नांदेड. | आय कम्प्लीटेड माय बी. ↗कॉम. | इन ट्वेंटी ट्वेंटी-↘टू. | आफ्टर ↗दॅट, | आय वर्क्ड इन अ ↗शॉप | फॉर टू ↘इयर्स. | आय हँडल्ड ↗बिलिंग, | ↗स्टॉक | अँड ↘अकाउंट्स. | नाऊ आय वॉन्ट टू वर्क इन ↘बँकिंग."

प्रत्येक पूर्णविरामाला सूर तळापर्यंत आणा आणि एक श्वास घ्या. तो क्षणभराचा थांबा तुम्हाला फार मोठा वाटेल. ऐकणाऱ्याला तो तुमचा आत्मविश्वास वाटतो.

सराव कसा करावा

१. आधी गुणगुणा. वाक्यातले शब्द काढून टाका आणि तोंड मिटून फक्त सूर 'हं हं हं' असा म्हणा. मग शब्द भरा. सूर शब्दांआधी बसला की टिकतो.

२. हात वापरा. सूर चढताना हात वर, उतरताना खाली. हसू येईल, पण आठवडाभरात हाताची गरज उरणार नाही.

३. मोबाईलवर रेकॉर्ड करा. बोलताना आपलाच सूर आपल्याला नीट ऐकू येत नाही. तेच वाक्य आज आणि पंधरा दिवसांनी रेकॉर्ड करून शेजारी शेजारी ऐका.

४. सूर डोळ्यांनी पाहा. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी बनवलेले 'प्राट' नावाचे सॉफ्टवेअर संगणकावर मोफत मिळते. रेकॉर्ड केलेल्या वाक्याच्या सुराची रेघ ते पडद्यावर काढून दाखवते. आपली रेघ शेवटी खाली येते का, हे तिथे थेट दिसते.

५. चांगले बोलणाऱ्यांना खुणा करत ऐका. बीबीसीने १९५३ साली घेतलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची इंग्रजी मुलाखत ऐकायला मिळते. विचारांसाठी ती आपण ऐकतोच. एकदा फक्त सुरासाठी ऐका. दोन-तीन मिनिटांचा भाग निवडा, वाक्ये वहीत लिहून घ्या आणि वाक्य कुठे तोडले, कोणत्या शब्दावर भर दिला, सूर कुठे खाली आला याच्या खुणा करा. मुलाखत घेणाऱ्याच्या प्रश्नांवरही खुणा करा.

६. जोडीने बसा. अभ्यासिकेत, वसतिगृहात, विहारात रविवारी जमणाऱ्या मुलांनी पंधरा मिनिटे काढावीत. एकाने वाक्य म्हणायचे, दुसऱ्याने पाठ करून बसायचे आणि फक्त सुरावरून ओळखायचे, की हा प्रश्न होता की उत्तर, बोलणे संपले की बाकी आहे. ओळखता आले नाही तर पुन्हा. यात कोणी कोणाला हसायचे नाही, हा एकच नियम.

लक्षात ठेवायचे थोडक्यात

'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय', 'हाऊ'चा प्रश्न उतरतो. हो-नाहीचा प्रश्न चढतो. यादी चढत जाते आणि शेवटी उतरते. विधान संपले की सूर तळाला टेकतो. विनंती आणि देऊ करणे चढत्या सुरात. 'हो, पण' म्हणायचे असेल तर उतरून चढणारा सूर. आणि मुख्य शब्द सापडत नसेल तर मराठीतला 'च' शोधा.

सगळे एकदम जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. या आठवड्यात फक्त एक गोष्ट करा. स्वतःबद्दलची पाच वाक्ये घ्या आणि प्रत्येकाच्या शेवटी सूर खाली आणा. जे खरे आहे ते खरे म्हणून सांगायची सवय जिभेला लागू द्या. पुढचे सूर मग एकेक करून येतील.